असाहेल थॉर्पचं नाक

एल्डरब्रुकमध्ये असाहेल थॉर्पला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि ओळखायचे ते त्याच्या नाकामुळे. दिसायला ते नाक काही विशेष नव्हतं, जरा बसकंच होतं. पण रिकामं पिंप त्याच्यापुढे ठेवा, बूच काढा, तो वाकून एकदा हुंगणार आणि सांगणार: यात आत्ता व्हिनेगर होतं, त्याआधी काकवी, आणि त्याच्याही आधी कुणीतरी मासे खारवलेत, तेव्हा सफरचंदाची दारू यात भराल तर पस्तावाल. पिंपं करणाऱ्या माणसाला एवढं यावंच लागतं, असं तो म्हणायचा. ओकची फळी काही विसरत नाही, जे मुरलं ते मुरलं. गावातल्या बायका जुनं पिंप घेण्याआधी त्याला हुंगवून घ्यायच्या. तो नको म्हणाला तर ते पिंप कुणी फुकटही नेत नसे.

या नाकापायी एका बाईची तेरा वर्षं मातीत गेली. गंमत अशी, गंमत कसली, पण अशी की त्या दिवशी त्यानं ते नाक वापरलंच नव्हतं.

साल सतराशे पंच्याहत्तर, मार्च महिना. बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्या त्याला सव्वा वर्ष झालं होतं. राजानं बंदर बंद करून ठेवलं होतं, आमची जुनी सनद मोडून टाकली होती, आणि फिलाडेल्फियाला सगळ्या वसाहतींच्या माणसांनी जमून ठराव केला होता की एक मार्चपासून चहा कुणी विकायचा नाही, घ्यायचा नाही, प्यायचा नाही. गावोगाव तपासणी समित्या बसल्या. ज्याच्या घरी चहा सापडेल त्याचं नाव, रविवारची प्रार्थना आणि गावसभा दोन्ही जिथे होतात त्या सभाघराच्या दारावर ठोकायचं, आणि मग त्या माणसाशी कुणी बोलायचं नाही, देणंघेणं ठेवायचं नाही. शिक्षा एवढीच. ऐकायला सौम्य वाटते. ज्यांनी भोगली नाही त्यांना वाटते.

आमच्या समितीत तिघे होते. अध्यक्ष डीकन एलिफलेट क्रेन, म्हणजे चर्चचे कारभारी. सभाघरात पहिल्या बाकावर बसायचे आणि प्रार्थनेतही हुकूम सोडल्यासारखे बोलायचे. दुसरा गिरणीवाला नोआडाया रस्क. तिसरा असाहेल. तो बसायचा मागून दुसऱ्या बाकावर, कारण आमच्याकडे सभाघरातली जागा माणसाची पत बघून ठरते आणि असाहेलची पत तेवढीच होती. डीकननं त्याला कधी नावानं हाकही मारली नव्हती. पण घरोघर डबे आणि पिंपं तपासायची म्हटल्यावर गावाला त्याचं नाक आठवलं. नाव पुकारलं तेव्हा असाहेल इतक्या घाईनं उठला की त्याची टोपी पुढच्या बाकावरच्या म्हातारीच्या मांडीत पडली.

पहिले पाच दिवस काहीच सापडलं नाही. सहाव्या दिवशी झरवाया पेकचं घर होतं.

झरवाया तेव्हा सदतीस वर्षांची, बिनलग्नाची. बाप जेबेझ पेक आदल्या शरद ऋतूतच वारला होता आणि घर आता तिच्या एकटीचं होतं. पुढच्या खोलीत ती लहान पोरांची शाळा घ्यायची. अर्ध्या गावानं अक्षरं तिच्यापुढे बसून गिरवली होती. जीभ मात्र तिखट. डीकनच्या नातवाला वाचता येईना म्हणून डीकन भांडायला गेले, तर चारचौघांत म्हणाली, "दोनदा शिकवलं त्याला, डीकनसाहेब. तिसऱ्यांदाही शिकवीन. फक्त या खेपेला तुम्हीही शेजारी बसा, म्हणजे घरी उजळणी होईल." असं बोलणारी बाई समितीच्या यादीत शेवटी राहणार नाही हे कुणालाही कळावं.

त्या दिवशी असाहेलला सर्दी होती. साधीसुधी नव्हे, डोक्यात दगड भरल्यासारखी. दोन दिवस बायको मेहिटेबल त्याच्या छातीला हंसाची चरबी चोळत होती. त्या सकाळी तिच्या हातून मक्याची लापशी करपली आणि यानं ती मुकाट्यानं चाटून पुसून खाल्ली.

"अहो, करपलीय ती," मेहिटेबल म्हणाली.

"होय का? बरी लागली."

"बरी लागली! नाकाखाली कांदा फोडला तरी कळायचं नाही तुम्हाला. आज जाऊ नका. निरोप पाठवा, म्हणावं नाक बंद आहे."

"डीकन काय म्हणतील? एवढं एकच काम सांगितलंय मला त्यांनी."

आणि तो गेला.

झरवायानं दार उघडलं. पोरांना मागच्या अंगणात पाठवलं. डब्यांची, कपाटांची झाकणं स्वतःच उघडून दाखवली. "बघा, बघा. उंदीर सापडला तर तेवढा घेऊन जा, माझ्यावर उपकार होतील," म्हणाली. शेवटी फडताळाच्या कोपऱ्यातून एक छोटं पिंप निघालं, हातभर उंचीचं, जुनं. तळाला काळपट वाळका चुरा.

"हे काय?" डीकननं विचारलं.

"रास्पबेरीचा पाला. वाळवून ठेवते. तुमच्या घरीही तोच उकळतात ना हल्ली?"

रस्कनं चुरा चिमटीत घेतला, हुंगला, खांदे उडवले. डीकननं हुंगला आणि तोंड वाकडं केलं. त्या दिवसांत आमच्या बायका रानपाल्यावर असे काही संस्कार करायच्या की तो चहासारखाच दिसावा आणि लागावा, त्यामुळे डोळ्याला काही कळणं कठीणच होतं. मग दोघेही असाहेलकडे वळले.

"थॉर्प," डीकन म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. "तुम्ही सांगा. तुमचा शब्द शेवटचा."

असाहेलनं पिंप उचललं. तोंड आत घातलं, दीर्घ श्वास घेतला. काही आलं नाही. ना पाला, ना लाकूड, ना धूळ. पुन्हा घेतला. डोकं बाहेर काढून सांगायचं ते एवढंच होतं, की डीकनसाहेब, मला सर्दी आहे, परवा येतो. एवढं एक वाक्य. पण डीकन त्याच्याकडे बघत होते, रस्क बघत होता, आणि त्याला मागून दुसरा बाक आठवला. डीकनला काय ऐकायचंय तेही त्याला दिसत होतं. सहा दिवसांत समितीला काहीच सापडलेलं नव्हतं.

"वरचा वास पाल्याचा आहे," असाहेल सावकाश, जाणत्या माणसासारखा म्हणाला. "पण लाकडात चहा मुरलाय. जुना आहे. खोल गेलाय."

हा शेवटचा तुकडा कुणी मागितला नव्हता. तो त्यानं आपल्या पदरचा घातला. नुसतं चहा म्हटलं असतं तर कुणीही म्हटलं असतं. लाकडात मुरलाय हे थॉर्पच म्हणू शकतो.

झरवाया काहीतरी बोलायला निघाली होती. तोंड उघडलं होतं तिनं. ते तसंच राहिलं. तिनं त्या पिंपाकडे बघितलं, मग असाहेलकडे, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"यावर काही म्हणायचंय?" डीकननं विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

एवढी तिखट जिभेची बाई, आणि नाही एवढाच शब्द. समितीनं तो कबुलीजबाब धरला. असाहेलही क्षणभर चक्रावला. म्हणजे खरंच होता की काय चहा? या विचारानं त्या दिवशी त्याला जेवण गेलं. दुसऱ्या दिवशी मात्र सर्दी उतरली, आणि तपासणीचा पुरावा म्हणून सभाघराच्या मागच्या खोलीत ठेवलेलं ते पिंप त्यानं कुणी नाही बघून हुंगलं.

रास्पबेरी. त्याच्याखाली मीठ. त्याच्याखाली ओक. बस.

दारावर तेव्हा कागद लागलेला होता: झरवाया पेक, देशाच्या स्वातंत्र्याची शत्रू. खाली तीन सह्या.

तो तडक डीकनकडे गेला. हे मी त्याच्या बाजूनं सांगतो, कारण त्याच्या बाजूनं सांगण्यासारखं फार नाही. डीकन दारातच भेटले, खुशीत होते. "थॉर्प! या. गावाला वचक बसला बरं का. तीन घरांनी काल आपणहून चहा आणून चौकात जाळला. आणि एक सांगतो, पुढच्या वर्षी सभाघरातल्या जागा ठरतील तेव्हा तुमचा विचार होईल." असाहेल उंबऱ्यावर उभा राहिला. म्हणाला, "आभारी आहे, डीकनसाहेब." आणि परत आला.

घरी मेहिटेबल पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही. "लापशी करपलेली कळली नाही," ती म्हणाली, "आणि लाकडात मुरलेला चहा कळला."

"हिटे, झालं ते झालं."

"कुणाचं झालं? तिचं झालं. तुमचं काय झालं?"

तो विचार करत राहिला, की पुढच्या आठवड्यात सांगू. मग जरा थंड झालं की सांगू. मग एकोणीस एप्रिलला लेक्सिंग्टनला गोळ्या सुटल्या, घंटा वाजली, गावातले पुरुष बंदुका घेऊन निघाले, आणि एका बाईच्या पाल्याबद्दल बोलायला कुणालाच वेळ उरला नाही. असाहेलला तर बरंच वाटलं. हे त्यानं पुढे स्वतःच कबूल केलं: युद्ध सुरू झालं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

लढाई आठ वर्षं चालली. असाहेलनं फौजेच्या खारवलेल्या मांसासाठी शेकड्यानं पिंपं केली, दोन हिवाळे स्वतः छावणीत काढले. आणि झरवाया? शाळेतली पोरं तर पहिल्याच दिवशी उठली. गिरणीवर रस्क तिचा मका दळेना, तेव्हा ती घरी उखळात कांडायला लागली. असाहेलचं दुकान तिच्या घरापासून दोन शेतं पलीकडे. वारा पडला की मुसळाचा आवाज थेट ऐकू यायचा. तो यायला लागला की असाहेल उगाचच कड्यांवर हातोडा जोरात मारायचा. पोटासाठी ती नदीपलीकडच्या गावची सूतकताई आणायची, विणकाम आणायची, पाठीवर गाठोडं घेऊन उतारातून चालत जायची यायची. आमच्याकडे दिवसच असे होते की कुणी तिला थांबवून "बाई, गारठलीस" म्हणालं असतं तर त्याचंही नाव दारावर लागलं असतं. पुढे ते दिवस गेले. समित्या मोडल्या. राजा गेला. कागद पावसापाण्यानं गळून पडला, खिळा तेवढा राहिला. कँटनच्या चिनी बंदरातून आमचीच जहाजं चहा आणायला लागली आणि डीकनच्या दिवाणखान्यात चिनी कपातून सगळे तो प्यायला लागले. पण तिचं नाव कुणी काढलं नाही, कारण काढायला कागदच नव्हता. सवय तेवढी होती. लोक तिला बघून रस्त्याची दुसरी बाजू धरत, आणि तरण्या माणसांना का ते ठाऊकही नव्हतं.

फक्त ती एक गोष्ट करायची. दर रविवारी सभाघरातून निघताना असाहेलसमोर थांबायची आणि म्हणायची, "थॉर्पभाऊ, बरे आहात ना?" तेरा वर्षं, तो गावात असेल तेव्हा न चुकता. असाहेलचं जेवण दर रविवारी त्या चार शब्दांनी नासायचं.

"टोचते मला," तो मेहिटेबलला म्हणायचा. "सगळं ठाऊक आहे तिला. मुद्दाम विचारते."

"मग सांगून टाका, म्हणजे विचारायची नाही," मेहिटेबल म्हणायची. असाहेलला त्यानंतर बाकही मिळाला होता, पुढून चौथा. तिथून ती नेमकी समोर दिसायची.

सतराशे सत्याऐंशीचा डिसेंबर. फिलाडेल्फियाहून नव्या सरकारचा मसुदा आला. तो मंजूर करायचा की नाही हे ठरवायला बोस्टनला परिषद भरणार होती, आणि आमचा माणूस तिथे काय म्हणणार हे ठरवायला गावसभा भरली. दोन दिवस कलम न कलम वाचून काढलं. अध्यक्षस्थानी रस्क, आता केस पांढरे झालेला. दुसऱ्या दिवशी बार्झिलाय हॉइट नावाचा शेतकरी उठला. हॉइटला मसुदा मुळीच पसंत नव्हता, त्याला काहीच पसंत नसायचं.

"मी तीनदा ऐकला हा कागद," तो ओरडला. "यात कुठे लिहिलंय की माणसावर आरोप झाला तर आरोप करणारा समोर येईल? पुरावा तपासतील? हे काही न लिहिता आपण मान हलवायची, आणि उद्या कुणीतरी तिघे दारात येऊन म्हणतील, तू दोषी! राजा परवडला की!"

सभेत हशा पिकला, टाळ्या पडल्या. असाहेल उठून उभा राहिला. आपण उठलोय हे त्याला उठल्यावर कळलं.

"तिघे आलेच होते," तो म्हणाला. "आपल्याच गावात. त्यातला मी एक. झरवाया पेकच्या घरी चहा नव्हता."

बायका माडीवरून वाकून बघायला लागल्या.

"थॉर्प," रस्क म्हणाला, "तुम्ही मसुद्याच्या बाजूनं आहात की विरुद्ध?"

"मी चहाबद्दल बोलतोय."

"चहा नोटिशीत नाही." रस्कनं समोरचा कागद उचलून दाखवला. आमच्या गावसभेचा हा जुना नियम: जो विषय नोटिशीत लिहिलेला नाही त्यावर एक शब्दही चालत नाही, आणि विषय घालायचा तर दहा मतदारांच्या सह्या लागतात. "सह्या आणा, मार्चच्या सभेत घेऊ. बसा."

तो बसला. पण आता गप्प बसवेना. तेरा वर्षं दाबलेलं एकदा तोंडातून निघालं होतं.

जानेवारीत बर्फ गुडघाभर असताना तो घरोघर निघाला. तीच घरं, तीच दारं. फरक एवढाच की आता झडती त्याची होती. प्रत्येकाला त्यानं सांगितलं: सर्दी होती, वास आला नाही, मी खोटं बोललो. कुणी पाठीवर हात ठेवला. कुणी म्हणालं, "सही करतो, पण माझं नाव खाली घ्या." हॉइटनं सरकारला शिव्या देत सही केली. रस्क लेखणी शाईत बुडवताना म्हणाला, "दळायला काय जात होतं मला?" आणि सही केली. नऊ झाल्या.

दहावीसाठी तो डीकन क्रेनकडे गेला. म्हातारे आता खुर्चीतून उठत नव्हते.

"सर्दी होती," डीकन म्हणाले. "हे मला आज सांगता. थॉर्प, मी तुम्हाला विचारलं होतं. तुमचा शब्द शेवटचा म्हणालो होतो."

"हो, साहेब."

"ती मला आवडत नव्हती, कबूल. पण तुम्ही नाही म्हणाला असता तर मी पिंप ठेवून निघालो असतो. हे घेऊन झोपा आज." सही त्यांनी केली नाही.

घरी आला तर मेहिटेबल दारातच उभी. "किती झाल्या?"

"नऊ."

"नऊ घरी सांगून आलात. तिला सांगितलंत?"

असाहेल बूट झटकत राहिला.

"अहो, गावभर बोभाटा केलात आणि जिचं नाव, जिच्याशी कुणी बोलत नाही, तिलाच पत्ता नाही? ते रस्कच्या बायकोच्या तोंडून कळायचंय का तिला? आधी तिकडे जा. मग जेवायला या."

झरवाया मागावर विणत बसली होती. पन्नाशीची, बारीक झालेली, डोळे तेच. "थॉर्पभाऊ!" ती म्हणाली, आणि खरंच खुलली. तेरा वर्षांत तिच्या घरात आपणहून आलेला हा पहिलाच माणूस. "या, शेकोटीपाशी बसा. मेहिटेबल बरी आहे ना?"

तो बसला नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. करपलेली लापशी, डीकनचा चेहरा, सगळं. तिचे हात आधी चालत होते. मग थांबले.

"वास आलाच नव्हता?" तिनं विचारलं.

"नाही."

"काहीच?"

"काहीच नाही, झरवायाबाई. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा हुंगलं. रास्पबेरी आणि मीठ. चहा कधीच नव्हता त्यात."

"पण तुम्ही म्हणालात लाकडात मुरलाय. जुना आहे म्हणालात."

"ते मी डोक्यातून काढलं. शहाणपणा मिरवायला."

ती उठली. खिडकीशी गेली, परत आली. असाहेलला वाटलं आता शिव्या देईल, आणि त्याला त्या हव्याच होत्या.

"मी तुमच्यावर कधी रागावले नाही," ती म्हणाली. "ठाऊक आहे का? एक दिवस नाही. मी म्हणायचे, बिचारा थॉर्प, त्याला वास आला, त्यानं खरं ते सांगितलं. समितीत एकच प्रामाणिक माणूस होता. म्हणून मी रविवारी तुमच्याशी बोलायचे. तुम्हाला कानकोंडं वाटू नये म्हणून."

असाहेलनं स्टुलाला हात टेकला.

"ते पिंप माझ्या बापाचं होतं," ती म्हणाली. "अडुसष्ट साली पहिली शपथ झाली, बाहेरचा माल घ्यायचा नाही म्हणून, तेव्हा गावात पहिली सही त्यांची. भर सभेत म्हणाले होते, माझ्या उंबऱ्याच्या आत चहाचं पान येणार नाही. आम्ही सगळे किती मिरवायचो त्यांना. हे पिंप त्यानंतरचं, मिठासाठी नवंकोरं घेतलेलं. मी पिंपात पाला भरला होता हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि तुम्ही म्हणालात, पाल्याखाली चहा आहे, जुना, मुरलेला. मी तर ठेवला नाही. मग उरलं कोण?"

"तुम्ही म्हणून गप्प बसलात," असाहेल म्हणाला.

"मग काय करायचं होतं? माझा नाही म्हटलं असतं तर त्यांचा ठरला असता. सहा महिने झाले होते त्यांना जाऊन. मला वाटलं, माझं नाव लागू दे दारावर, त्यांचं नको." तिचा आवाज अजून शांत होता, तेच भयंकर होतं. "ते त्यांच्यासाठी केलं. पण मनातून त्यांना माफ नाही केलं. बर्फ वितळला की दगड लावायचा होता त्यांच्यावर. मजकूर मी लिहून ठेवला होता: शब्दाला जागला. तो कागद मी चुलीत घातला. खोटारड्याला दगड कशाला? तेरा वर्षं मी त्या जागेकडे फिरकले नाही, थॉर्पभाऊ. मरताना माझा हात धरून होते ते, आणि मी तेरा वर्षं म्हणत आले की मला फसवून गेले."

तेरा वर्षं असाहेलला आपला गुन्हा केवढा आहे ते मोजूनमापून ठाऊक होतं असं वाटत होतं. एका बाईची शाळा, एका बाईचं नाव. एका मेलेल्या माणसाची पोरगीही आपण त्याच्यापासून तोडली, हे त्याच्या हिशोबात कधी आलंच नव्हतं. तो रडायला लागला. तिनं त्याला थांबवलं नाही की समजावलं नाही.

"सह्या मिळवतोय मी," तो कसाबसा म्हणाला. "मार्चच्या सभेत ठराव येईल. तुमचं नाव सुटेल."

"तुम्ही सही करून मला दोषी ठरवलंत. आता हात वर करून निर्दोष ठरवणार. करा. गावाला बरं वाटेल." तिनं खुंटीवरची शाल घेतली. "माझा बाप काही त्या ठरावात नाही. चला."

दहावी सही पुढे मिळाली. ठरावही झाला, एकमतानं, आणि तो गावाच्या दप्तरात आहे. नव्या सरकारचा मसुदा मंजूर झाला त्याच वर्षाच्या पानावर, कुंपणांच्या आणि डुकरांच्या ठरावांच्या मध्ये दोन ओळी. त्या दुपारचं मात्र दप्तरात काही नाही.

स्मशानभूमी सभाघराच्या मागे, टेकडीच्या उतारावर. बर्फ कुणी तुडवलेला नव्हता. दगड होते तिथे टोकं वर दिसत होती. बाकी सगळं सपाट. झरवाया पुढे, असाहेल मागे. ती एका जागी थांबली, मग चार पावलं डावीकडे गेली, मग पुन्हा उजवीकडे. लाकडी खूण पुरली होती तिनं तेव्हा, ती केव्हाच कुजून गेली असणार.

"इथे असावेत," ती म्हणाली. "सांगा त्यांना."

असाहेलनं टोपी काढली. "जेबेझ पेक," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. जागा नक्की ठाऊक नाही मला."

"जेबेझ पेक!" असाहेल ओरडला. खाली रस्त्यावर एक घसरगाडी थांबली, माणसं वळून बघायला लागली. "तुमच्या पिंपात चहा नव्हता! मी वास घेतलाच नव्हता! तुम्ही शब्द पाळला होता, मी खोटं बोललो!"

तो थांबला. ती तोवर दहाबारा पावलं पुढे गेली होती, पायानं बर्फ बाजूला सारत, खाली वाकून बघत. तिथे उभी राहून तिनं त्याला हातानं बोलावलं. तो गेला आणि तेच सगळं पुन्हा ओरडून सांगितलं. मग आणखी वर, देवदाराच्या झाडाखाली, तिसऱ्यांदा. आवाज फुटला होता, नाक वाहत होतं, टोपी कुठे पडली त्याचं भान नव्हतं.

झरवायानं शालीच्या टोकानं डोळे पुसले आणि उताराच्या खालच्या अंगाला बघितलं.

"तिकडे भिंतीपाशी राहिलं," ती म्हणाली. "तिथेही सांगा."